ब्रेक कधी सोडायचा

कामशेतला थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, पॅराग्लायडरची एक बाजू मिटली, की जमीन फार जवळ असते. मावळातले डोंगर बुटके. सावरायला शिकावं इतकी उंचीच तिथे मिळत नाही. म्हणून इथले पायलट एसआयव्ही नावाच्या कोर्ससाठी पोखऱ्याच्या फेवा तलावावर जातात, नाहीतर तुर्कस्तानात ओलुदेनिझला. मी ओलुदेनिझला गेलो.

१,९६९ मीटर उंचीचा बाबादाग तिथे भूमध्य समुद्राच्या अगदी काठावर उभा आहे. १,७०० मीटरच्या टेक-ऑफवरून निघून समुद्रावर पोचलं तरी पायाखाली भरपूर उंची उरते. वर न्यायला २०२१पासून केबल कार आहे. अंगात लाइफ जॅकेट, सोबत दोन रिझर्व्ह पॅराशूट, कानाशी रेडिओ, खाली बोट तयार. वेगात आदळलं तर पाणीही हाडं मोडतं. पण तिथे झाडं, विजेच्या तारा, खडक नसतात आणि बोट लगेच पोचते.

एसआयव्ही म्हणजे हवेतले अपघात मुद्दाम घडवून त्यातून बाहेर यायला शिकणं. पहिला धडा एका बाजूच्या कोलॅप्सचा. पंखाच्या पुढच्या दोऱ्यांचा उजवा पट्टा, म्हणजे ए रायझर, खसकन ओढला, दोऱ्या सैल पडल्या, कापड फडफडत खाली लोंबलं आणि अंग उजवीकडे कलंडलं. डावा हात आपसूक ब्रेक ओढायला धावतो. खरा धोका इथेच आहे. उरलेला अर्धा पंख सगळा भार पेलत असतो. त्याला जास्त ब्रेक दिला तर तोही स्टॉल होतो, म्हणजे उचलून धरणं सोडतो, आणि ग्लायडर गरगरू लागतो. वजन उघड्या बाजूला टाकायचं, दिशा राहील इतकाच ब्रेक धरायचा. नवशिक्यांचा ग्लायडर बहुतेक वेळा आपणहून उघडतो. त्याला तेवढा वेळ देणं हे शिकण्यातलं सगळ्यात अवघड काम.

फुल स्टॉलमध्ये, म्हणजे अख्खा पंख मुद्दाम स्टॉल करताना, नेमकं उलटं. दोन्ही ब्रेक खाली, कोपरं ताठ, मुठी सीटखाली रोवलेल्या. कानातला वारा एकदम थांबतो. पंख मागे पडतो आणि आपण पाठीवर कोसळतो. हात सोडावेसे वाटतात, पण तेव्हा सोडले तर ग्लायडर इतक्या जोरात पुढे झेपावतो की पायलट त्याच कापडात पडू शकतो. रेडिओवर प्रशिक्षक म्हणत राहतो, “होल्ड, होल्ड.” पंख डोक्यावर येऊन थरथरत स्थिरावला, की ब्रेक थोडे वर घेऊन त्याला पसरू द्यायचं, मग सोडायचे. तरीही पुढे धावला तर ब्रेकनेच अडवायचा.

हे व्हिडिओत दिसतं मोठं थरारक आणि त्यामुळे पुष्कळ जण फुल स्टॉलसाठीच येतात. माझ्या मते नव्या पायलटाने बराचसा वेळ कोलॅप्सवर आणि रिझर्व्ह फेकण्यावर घालवावा. रिझर्व्हचं हँडल न बघता हाताला लागलं पाहिजे. ते उपसायचं आणि मोकळ्या आकाशात जीव खाऊन भिरकावायचं. पाण्यात पडल्यावर बकल सोडून दोऱ्यांपासून लांब व्हायचं, कारण भिजलेल्या दोऱ्या पायांत अडकतात.

नवा, वेगवान ग्लायडर घ्यायला निघालेल्या कामशेतच्या मुलांना मी आग्रहाने सांगतो, ते पैसे आधी या कोर्सवर घाला. आणि जाताना स्वतःचाच ग्लायडर न्या. रोज ज्यावर उडता, त्याचा ब्रेक किती ओढला की तो स्टॉल होतो, हे तुमच्या हाताला ठाऊक हवं.