खेचायचं की दाबायचं?

एमजी म्हटलं की आपल्याला २०१९ मध्ये आलेली हेक्टर आठवते. पण केळव्याला आमच्या शेजारच्या आजोबांकडे जी एमजी आहे, ती टीडी! इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९५३ पर्यंत बनत होती ती दोन सीटची स्पोर्ट्स कार. (माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे, तेव्हा पार्ट्सची शुद्ध मराठी नावं माझ्याकडे मागू नका!)

या गाडीत किल्लीने फक्त इग्निशन चालू होतं. मग डॅशबोर्डवरचा नॉब खेचायचा. त्याची केबल बॉनेटखालच्या स्विचला जाते. आतली तांब्याची पट्टी दोन जाड टोकं जोडते आणि बॅटरीचा करंट थेट स्टार्टर मोटरला. मध्ये सोलेनॉइड नाही. हाताचा जोर हाच सोलेनॉइड.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी नुसती कुरकुर करून गप्प बसत होती. मेकॅनिकचं निदान : मोटर रिवाइंड करा. मी आधी मल्टीमीटर लावला. आजोबांना नॉब खेचायला सांगून स्विचच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजला. तो जवळपास शून्य हवा, निघाला दोन व्होल्टच्या वर. दोनशे अँपिअर करंट धरला तर ०.०१ ओहम रोधसुद्धा दोन व्होल्ट खातो. बारातले दोन वाटेतच गेले तर मोटर बिचारी काय करणार? स्विच उघडला, तर तांबं जळून काळं पडलेलं.

नवा स्विच इंग्लंडहून मागवला. या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं, म्हणून प्लसची केबल आधी काढली. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. बाकी काम दोन नट आणि एका केबलचं.

पण जुना जळला का? आजोबा नॉब हळूहळू खेचत होते. सत्तरी ओलांडलेली बोटं, त्यात खाऱ्या हवेने गंजून जड झालेली केबल. हळू खेचलं की कॉन्टॅक्ट अर्धवट टेकतो, ठिणग्या उडतात, तांबं जळतं. म्हणजे नवा स्विचही असाच जाणार!

त्यांचा मुलगा बोईसरच्या एमआयडीसीत आहे. तो म्हणाला, "बाबा, सोलेनॉइड टाकू, बटण लावू. विषय संपला." इलेक्ट्रिकली त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. आजोबा म्हणाले, "आज खेचता येत नाही म्हणून बटण. उद्या क्लच दाबता येत नाही म्हणून गाडीच विकशील." कोणी काही बोललं नाही. प्रश्न स्विचचा नव्हताच.

मी केबल पूर्ण काढली. रॉकेलने धुतली, गंज घासला, ग्रीस भरलं, वाटेतला एक आखूड बाक सरळ केला. आता नॉब दोन बोटांत खटकन येतो. ड्रॉपही नगण्य. मुलाशी तह झाला : पुढे हेही जड गेलं तर सोलेनॉइड आत लपवायचा, पण नॉब जागचा हलवायचा नाही. आजोबांनी मान डोलावली आणि मला शितलादेवीच्या देवळापर्यंत फिरवून आणलं.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण 'कॉम्पोनंट फेल्युअर' लिहून मोकळे होतो. त्या कॉलममध्ये समुद्राची हवा आणि माणसाची बोटं लिहायलाही जागा हवी.