एकतीस मे, मोगरा वगैरे

मार्च उलटला की पुण्यात दोन गोष्टी भरपूर मिळतात, ऊन आणि पाला. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात एक आंबा आहे आणि एक बदाम (खायचा नव्हे हो, तो ताटलीएवढ्या पानांचा). सकाळी झाडून घ्यावं, दुपारी चहाला उठावं, तर पुन्हा तेवढाच खच. शेजारच्या बिल्डिंगमध्ये हा पाला सरळ पेटवतात. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असं हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवलंय, पण काडी ओढणाऱ्याला सांगणार कोण? असो. आमच्याकडे पाला जळत नाही, कारण तो बाबांना लागतो.

अंगण म्हणजे फार काही नाही. इमारत १९८६ ची, आमचा फ्लॅट तळमजल्यावर, आणि मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पंधरा बाय तीस फुटांची पट्टी. कागदोपत्री सोसायटीची, प्रत्यक्षात बाबांची. इतक्या वर्षांत कोणी हरकत घेतली नाही, कारण उन्हाळ्यात कैऱ्या आणि वर्षभर कढीपत्ता सगळ्या मजल्यांना पोचतो. (लाच म्हणा हवं तर.)

शनिवार-रविवार मी बाबांच्या हाताखाली असतो. आठवडाभर एसीत बसून लोकांचे बग्ज काढल्यावर दोन तास कुदळ हाणायला बरं वाटतं, हे एक. आणि बाबा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, हे दुसरं. कामं ठरलेली. झाडांची आळी उकरून मोठी करायची, त्यात चार बोटं जाडीचा पाला पसरायचा, खोडाला मात्र चिकटू द्यायचा नाही. पाणी सकाळी लवकर, आणि द्यायचं तर पोटभर. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच्या वर राहतात आणि एप्रिलच्या उन्हात भाजून निघतात. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर झालेली असते, पानं ओरबाडून महिनाभर पाणी तोडायचं, मग शेणखत घालून भरपूर पाणी. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो, त्यामुळे हा छळ त्याच्या भल्यासाठीच, असं बाबा म्हणतात. मार्चअखेर पहिल्या कळ्या, की आईच्या पाण्याच्या माठात दोन फुलं पडलीच.

यंदाही हे सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं. फरक एवढाच, की आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे आणि ३१ मेला जागा रिकामी करून द्यायची आहे.

झाडांच्या दृष्टीने याहून वाईट तारीख शोधून सापडली नसती. झाड उपटलं की त्याची केसासारखी बारीक मुळं मातीतच तुटून राहतात, आणि पाणी ओढायचं काम नेमकं तीच करतात. पानं मात्र ३९ डिग्रीत पाणी सोडतच असतात. आवक बंद, जावक चालू. किती दिवस टिकणार? तेच झाड जूनच्या झिमझिमीत हलवलं तर हवाच ओली असते, आणि नवी मुळं फुटेपर्यंत निभावतं. पुण्यात पाऊस येतो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे फरक जेमतेम पंधरा दिवसांचा.

सर्वसाधारण सभेत बाबांनी हे मांडलं. ताबा १५ जूनला द्यावा, कारण पाऊस. सभा दोन क्षण गप्प, मग कोणीतरी हसलं, वाईट नाही, पण हसलं. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना सुट्टीतच हलायचं होतं, तेही खरंच. प्रस्ताव बारगळला. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "चला, म्हणजे दाब कलमं याच महिन्यात."

तर सध्या मोगऱ्याच्या सात फांद्या वाकवून शेजारी ठेवलेल्या कुंड्यांत पुरल्या आहेत. पेराजवळ किंचित साल खरवडायची, तेवढा भाग मातीत दाबायचा, वर वीट. फांदी आईपासून तोडायची नाही, त्यामुळे तिला पाणी तिकडून मिळत राहतं आणि मुळं इकडे फुटतात. २१ मार्चला लावली, म्हणजे ३१ मेपर्यंत दहा आठवडे. पुरावेत. अट एकच, त्या कुंड्यांतली माती एक दिवसही सुकता कामा नये. (आमच्या भाषेत सांगायचं तर जुना सर्व्हर चालू ठेवून नव्यावर हळूहळू जायचं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुम्हाला आत्ता कळलं?")

कढीपत्त्याची काळजी नाही. मुळांवरून त्याची इतकी पिल्लं फुटतात, की निम्मी सोसायटी घेऊन जाईल. अळूचे कांदे, गवती चहा, हेही जातील पिशवीतून.

आंबा जाणार नाही. १९८७ मध्ये खाऊन फेकलेल्या कोयीतून आलेला रायवळ, आता तिसऱ्या मजल्याच्या वर गेलाय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडच्या कायद्यात असं आहे, की तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. पन्नाशी गाठलेलं झाड तर वारसा वृक्ष. आमचा चाळिशीच्या आसपास अडकला. हिशोब म्हणून ठीक आहे, पण सहा-आठ फुटांच्या चाळीस रोपांची मिळून एका दुपारची सावली होत नाही. मागच्या शनिवारी खोडावर नोटीस लागली. हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. बाबांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

मी विचारलं, "घ्यायची का हरकत?"

"कोणाविरुद्ध?" म्हणाले. "संमतीपत्रावर सही माझीच आहे."

आणि झाडू उचलून कामाला लागले. मला वाटलं होतं, आता निदान पाल्याचा खड्डा तरी भरणार नाहीत. पाल्याचं खत व्हायला सहा-आठ महिने लागतात, जेसीबी त्याच्या आधी येणार. पण त्यांनी खड्ड्याऐवजी पोती आणली आहेत. पाला दाबून भरायचा, थोडं शेण कालवून शिंपडायचं, तोंड सैल बांधायचं. भाड्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे, पश्चिमेची बाल्कनी, चार बाय नऊ. तिथे पाचोळ्याची पोती बघून घरमालक काय म्हणेल, हा विषय अजून निघालेला नाही. आईने काढला होता. बाबा म्हणाले, "लिफ्ट आहे ना?"

आता राहिले मे फ्लॉवरचे कांदे. वर्षभर हे मातीखाली गुडुप असतात आणि वळीव पडायच्या सुमारास कुठूनही लाल गोंडे बाहेर काढतात. नेमके कुठे आहेत ते कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे कोंब दिसला की शेजारी काडी खोचून ठेवायची, असं ठरलंय. आजपर्यंत चार काड्या झाल्या. बाबांच्या मते एकूण नऊ आहेत, आईच्या मते अकरा.