लाल डोंगरांच्या देशातली पुरी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो नायगाऱ्याचा आणि दुसरा डिस्नेलँडचा. आम्ही यातलं काहीच पाहिलं नाही! लेक नोकरीला आहे ॲरिझोनात, म्हणजे देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. तिथून नायगारा हा मुंबईहून गुवाहाटीपेक्षाही लांब. तेव्हा जवळपासचंच बघू असं ठरलं आणि त्या दोन आठवड्यांतला एक दिवस असा मिळाला, की बाकी सगळे विसरले तरी चालतील.

गाडीत आम्ही चौघं. लेक चालवायला, तिच्या शेजारी हे, मागे मी आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. वय त्र्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, सासर-माहेर दोन्ही मंगळवेढ्याच्या बाजूचं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. माळकरी माणसाबरोबर या भागात फिरायचं तर डबा हवाच, कारण इथे घेवड्याची साधी उसळही पुष्कळदा डुकराच्या चरबीत शिजवलेली असते.

सकाळी सातला फ्लॅगस्टाफ सोडलं. हे गाव जवळजवळ सात हजार फुटांवर, भोवती पाइनची दाट झाडी. उत्तरेला लागलं की तासाभरात झाडी संपते आणि लाल, गुलाबी, राखाडी मातीचा उघडा मुलूख सुरू होतो. हा नवाहो लोकांचा प्रदेश. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशांत हा सर्वांत मोठा, सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर. त्यांचं सरकार वेगळं, पोलीस वेगळे, दारूला बंदी. घड्याळसुद्धा वेगळं! उन्हाळ्यात ॲरिझोना राज्य घड्याळ पुढे करत नाही, नवाहो करतात. त्यामुळे त्यांच्या हद्दीत शिरलं की तास पुढे.

पहिला थांबा कॅमेरॉन. छोट्या कोलोरॅडो नदीवर १९११ साली बांधलेला झुलता पूल आणि त्याच्याजवळ १९१६ पासूनची व्यापारी पेढी. पूर्वी इथे नवाहो लोक लोकर आणि घोंगड्या देऊन पीठ, साखर, कॉफी नेत. आता प्रवाशांसाठी गालिचे, चांदीचे दागिने आणि मोठं उपाहारगृह. चहा घेता घेता शेजारच्या टेबलावर एक पदार्थ आला आणि आत्यांची मान वळली. ताटभर फुगलेली पुरी, वर घेवड्याची उसळ, कोशिंबिरीसारखं काहीबाही, किसलेलं चीज.

“एवढी मोठी पुरी? तळली कशात आसंल?” आत्यांनी विचारलं. तो पदार्थ नवाहो टाको आणि खालची पुरी म्हणजे फ्राय ब्रेड, असं लेकीने सांगितलं. कशात तळली असेल या शंकेपायी आम्ही चहावरच उठलो.

ट्यूबा सिटीच्या अलीकडे रस्त्याकडेला डायनोसॉरची पावलं आहेत. गावातलीच माणसं ती दाखवतात. खडकावर बाटलीने पाणी ओतलं की तीन बोटांचा ठसा उठून दिसतो. आपण खुशीने द्यायचे ते पैसे. आत्यांनी पाहिलं आणि “कोंबडीचा हाय” म्हणून निकाल देऊन टाकला.

त्यापुढचा कायेंट्यापर्यंतचा सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आत्यांनी गप्प राहून पाहिला. वस्ती अगदी विरळ. एखादं घर, त्याच्या बाजूला होगन, म्हणजे लाकूडमातीचं बहुधा आठ बाजूंचं पारंपरिक घर, दार नेहमी पूर्वेला. पण त्यांची नजर होती समोरून येणाऱ्या गाड्यांवर. कितीतरी गाड्यांच्या मागच्या हौद्यात प्लॅस्टिकची पांढरी टाकी. “हितं बी टँकर हाय व्हय?” त्यांनी विचारलं.

आहे. या प्रदेशातल्या सुमारे तीस टक्के घरांत नळ नाही, लोक मैलोन्‌मैल जाऊन पाणी भरून आणतात. पाण्याचा हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०२३ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं करारानुसार केंद्र सरकारवर बंधनकारक नाही. लेकीने हे सांगितल्यावर हे म्हणाले, “आणि आपण म्हणतो, अमेरिकेत पाणी चोवीस तास!”

मॉन्युमेंट व्हॅली पाहिलेली नसली तरी चित्रपटात तुम्ही ती पाहिलेली असते. सपाट लाल जमीन आणि तिच्यातून सरळ वर उठलेले, हजार फूट उंचीपर्यंतचे एकेकटे कडे. १९३९ साली जॉन फोर्ड यांनी ‘स्टेजकोच’ इथे चित्रित केला आणि घोडेस्वारांच्या अमेरिकी चित्रपटांची ही कायमची पार्श्वभूमी होऊन बसली. आपल्या ‘शोले’मुळे रामनगरचे खडक झाले तसंच. दोन कड्यांना बाजूला अंगठ्यासारखा सुळका आहे, म्हणून त्यांना हातमोजे म्हणतात. आत सतरा मैलांचा कच्चा रस्ता आहे. आम्ही नवाहो वाटाड्याची जीप घेतली. आपली गाडी नेता येते, पण खड्डे आणि धूळ पाहता जीप बरी. शिवाय हा कडा कुणाचा, तो कुणाचा याच्या गोष्टी ऐकायला मिळतात. वर्णन करत नाही. फोटोही फसवे आहेत. एवढंच सांगते, की जीप थांबली तेव्हा चौघांतलं कुणीच बोललं नाही आणि आमच्या घरात हे क्वचितच घडतं.

बाहेर पडलो तेव्हा दोन वाजून गेले होते. रस्त्यालगत लाकडी फळ्यांच्या टपऱ्या होत्या. मण्यांच्या माळा, कर्णफुलं आणि एका टपरीत कढई. आत्या स्वतःच उतरल्या. कढईपाशी साठीची बाई होती. पिठाचा गोळा ती या तळव्यावरून त्या तळव्यावर टाकत होती. फट्‌ फट्‌ फट्‌! पोळपाट नाही, लाटणं नाही.

“हातावरची भाकरी करतीया की!” आत्या म्हणाल्या.

लेकीने तेलाचं विचारलं. बाईने काही न बोलता टेबलाखालून तेलाचा डबा काढून दाखवला. वनस्पती तेल. उसळीत मांस होतं म्हणून नुसताच फ्राय ब्रेड घेतला, मधाबरोबर. चव पुरी आणि भटुरा यांच्या मधली. मैदा, मीठ, बेकिंग पावडर, कोमट पाणी, बस्स. बाहेरून खुसखुशीत, आतून लुसलुशीत. दशम्या आणि चटणी आम्ही तिलाही दिली. चटणी तिला इतकी आवडली, की तिने बोटाने पान पुसून खाल्लं.

मग गप्पा सुरू झाल्या. लेक मध्ये दुभाषी. आत्यांनी विचारलं, हे तुमचं जुनं खाणं का? बाई हसली. नाही म्हणाली. जुनं खाणं मक्याचं. निळ्या मक्याच्या पिठाची लापशी, तिच्यात जुनिपर झाडाची राख घालतात. हे मैद्याचं खाणं सैनिकांनी दिलं.

ती हकीकत अशी. १८६३-६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंची शेतं जाळली, पीचच्या बागा तोडल्या, मेंढरं मारली. उपासमारीने शरण आलेल्या आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडो छावणीत नेलं. वाटेत आणि तिथे पुष्कळ मेले. छावणीतलं पाणी खारट, पेरलेला मका किडीने खाल्ला. मग शिधा मिळे तो मैद्याचा आणि चरबीचा. जे हातात पडलं त्याचं बायकांनी हे केलं. १ जून १८६८ च्या करारानंतर त्यांना परत आपल्या मुलखात येऊ दिलं. परतताना ओळखीच्या डोंगराचा माथा दिसला तेव्हा लोकांची काय अवस्था झाली, ते त्यांचे पुढारी मॅन्युएलिटो यांनी पुढे सांगून ठेवलं आहे.

“वेळापुरातनं कळस दिसला म्हंजी धावत्यात, तसं,” आत्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “आमाला मिलो आली व्हती.”

१९७२ चा दुष्काळ. आत्या एकवीस वर्षांच्या. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जात. हे तेव्हा दीड वर्षाचे, बाभळीला बांधलेल्या झोळीत. कामावर सुकडी आणि रेशनला मिलो, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या बाईच्या हाताला ते पीठ जुळेना. भाकरी थापताना मोडायची, घशाखाली उतरायची नाही. हे मी लग्न झाल्यापासून तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं. पण त्या टपरीत त्या सलग बोलल्या. “दामाजीपंतानं कोठार उघडलं ते आपल्या दाण्याचं. ह्ये लांबनं आलेलं. तरी नावं ठिवायची न्हाईत. त्येच्यावरच ह्यो वाचला,” असं म्हणून त्यांनी यांच्याकडे बोट दाखवलं. हे दुसरीकडे बघू लागले.

बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ती ज्वारी तुम्ही अजून करता?”

“छ्या! पाऊस पडला, मालदांडी आली, मिलो कोन बघतंय?”

मला तेव्हापासून हा फरक सुटत नाही. आत्यांची जमीन त्यांच्याच नावावर राहिली होती. एक पाऊस पुरेसा झाला. नवाहो परतले तेव्हा बागा तुटलेल्या, कळप संपलेले. करारात पंधरा हजार शेळ्यामेंढ्या मिळाल्या. पण मैद्याचं पोतं घरात राहिलंच. आता फ्राय ब्रेडशिवाय जत्रा होत नाही आणि दुसरीकडे मधुमेहाने गावं पोखरली आहेत. सुझन शोन हार्यो या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लेखिकेने २००५ मध्ये हा पदार्थ सोडायचं जाहीर केलं, तेव्हा तिच्यावर आपलीच माणसं रागावली. त्याच वर्षी साउथ डकोटाने तो राज्याची अधिकृत पोळी म्हणून घोषित केला! बाईलाही विचारलं. डॉक्टरने मनाई केली आहे म्हणाली. ती स्वतः सणालाच खाते, एरवी प्रवाशांसाठी तळते. सोडणार का? तिने खांदे उडवले. आजीने शिकवलं, म्हणाली. मला तिला शहाणपण शिकवावंसं वाटलं नाही. साबुदाण्याची खिचडी आपली कधी झाली, हे आपण तरी कुठे विचारतो?

निघताना आत्यांनी हात धुतले आणि सरळ परातीपाशी गेल्या. बाईने एक गोळा पुढे केला. आत्यांनी तो हातावर घेऊन थापला, चांगला पातळ, गोल. बाई आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, शेजारच्या टपरीतल्या दोघी हसल्या. तळून तो आमच्याच पुड्यात बांधून दिला, पैसे घेतले नाहीत.

मैदा ज्या पिशवीतून काढला ती सुती होती, वर निळ्या पक्ष्याचं चित्र. शेजारच्या कोलोरॅडोतल्या गिरणीचं हे पीठ नवाहो घरांतून फार लाडकं आहे. आत्यांनी कापड बोटांनी चाचपलं, मग रिकाम्या पिशव्यांच्या चळतीकडे बोट दाखवून माझ्या कानात म्हणाल्या, “एक दे म्हनावं. धुवून डाळीला व्हईल.”

बाईने दोन दिल्या.