कशाचे टक्के?

सोयाबीन निघू लागलं की आमच्या किन्हीराजा गावात ‘मॉइश्चर’ पाचवीतल्या पोरांच्याही तोंडी असतं. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट; २०२४च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तेव्हा घरोघरी त्याचीच चर्चा. कास्तकाराच्या लेकरांना शेकडेवारी शिकवायला याहून चांगलं काय हवं?

मी फळ्यावर तीन चौकटी आखतो : पूर्ण, टक्के, भाग. पोतं ५० किलोचं, ओलावा १४ टक्के, पाणी ७ किलो. मग एकेक चौकट पुसतो. ७ पुसले तर वर्ग लगेच सांगतो. १४ पुसले तर थोडा वेळ घेतो. ५० पुसले की अडतो. ‘मालातलं पाणी ३० किलो, ते १५ टक्के आहे; माल किती?’ बरीच पोरं ३० चे १५ टक्के काढून साडेचार सांगतात. आकडेमोड बरोबर असते. मी एवढंच विचारतो, “पाणी तीस किलो अन् अख्खा माल साडेचार?” वर्ग हसतो आणि खोडरबर निघतात.

पुढं एकमान पद्धत. १५ टक्के म्हणजे ३०, तर १ टक्का म्हणजे २, आणि १०० टक्के म्हणजे २००. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त मांडलेलं त्रैराशिक हेच. शिष्यवृत्तीच्या तयारीत तीन चौकटींची तीन सूत्रं पाठ करून घेतात. पण पेपरात कोणतं कुठं लावायचं, तिथंच पोरं गोंधळतात. एका टक्क्यापाशी पोचलेलं पोर तिन्ही गणितं सोडवतं.

खरी कसोटी शेवटच्या गणितात. २० टक्के ओलाव्याचं ११० किलो सोयाबीन वाळवून १२ टक्क्यांवर आणलं. वजन किती उरेल? ‘आठ टक्के कमी झाले, म्हणजे ८.८ किलो गेले,’ असं मोठी माणसंही सांगतात. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे बारा टक्के कायचे? वाळल्यावरच्या वजनाचे ना?” तिथं गणित सुटलं. ११० किलोत पाणी २२, कोरडा माल ८८. उन्हानं पाणी उडतं, कोरडा माल तेवढाच राहतो. वाळल्यावर तेच ८८ किलो एकूण वजनाचे ८८ टक्के होतात, म्हणून माल १०० किलो. घट ८.८ नाही, १० किलो.

शेकडेवारीत हरवलेला आकडा शोधण्याआधी ‘कशाचे?’ हे ठरलं पाहिजे. बाकी नुसता गुणाकार-भागाकार. पालकांनाही एक सांगणं आहे. बाजारातून आलेली काटापट्टी खिशात ठेवू नका. पोरापुढं ठेवा आणि त्यातला प्रत्येक टक्का कशाचा आहे, ते त्यालाच विचारा.