हळदीचा ठेका

उरण तालुक्यात लग्नापेक्षा हळद मोठी. अक्षता पडायला काही मिनिटं पुरतात, हळदीला मात्र अख्खी रात्र लागते. मोरा बंदराच्या कोळीवाड्यात हळदीची तारीख निघाली, की मंडपवाल्याच्या आधी वाजवणाऱ्यांना सुपारी जाते. बेंजो कुणाचा हे कळलं, की ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याही एकच विचारतात, ‘ढोलकीला तोच हाय ना?’ गाणार कोण, याची चौकशी नंतर.

त्या प्रश्नात मला या वाजवणाऱ्या पथकांचं सगळं आयुष्य दिसतं. बापाच्या जागी मुलगा उभा राहतो, जुनी वाद्यं माळ्यावर जातात, नवी येतात, कधी पथकाचं नावही बदलतं. तरी गावाच्या लेखी पथक तेच, कारण ठेका तोच. कोळीगीतांचा हा ठेका सहा मात्रांचा. पुस्तकात त्याला दादऱ्याच्या घरात बसवतील, पण दादऱ्याचा निवांतपणा त्यात नाही. पहिल्या मात्रेला ढोलकीचा घुमारा उठतो, चौथीला कंबर वळते आणि अंग वल्हं मारल्यासारखं पुढे जाऊन मागे येतं. हे कोणी शिकवत नाही. हळदीत आईच्या कडेवर बसलेलं पोरही त्या मात्रेला बरोबर हलतं.

वाद्यांचा प्रवास मात्र लांबचा आहे. रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात सनई-ढोलाचा खालूबाजा होता. आगरी मांडवात धवलारीण धवले गायची, तिला वाद्याची गरजच नव्हती. मग इंग्रजांच्या पलटणींच्या वळणाने ब्रास बँड आले. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम ही कवायतीसाठी घडलेली वाद्यं कोळ्यांनी अशी काही नाचायला लावली, की नारळी पौर्णिमेची मिरवणूक आणि नवरदेवाची वरात बँडशिवाय कुणाला सुचेना.

बेंजोची कथा तर थेट जपानची. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक वाद्य केलं. त्याच वर्षी तिकडे ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून ते ताइशोगोतो. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला आणि मुंबईच्या गल्ल्यांत त्याला पिकअप, अॅम्प्लिफायर जोडून बेंजो. वाजवणारा डाव्या हाताने कळा दाबतो, उजव्या हातातली पट्टी तारांवरून झरझर ओढतो. जवळून पाहिलं तर कळांवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली दिसतात. सूर घासून, किंचित फाटून बाहेर पडतो. तो फाटलेपणाच मला आवडतो, कारण कंठाच्या शिरा ताणून गाणाऱ्या माणसाचा आवाज असाच येतो.

विजेवर चढलेल्या अशाच सुराची एक गोष्ट अमेरिकेतलीही आहे. तिथला ब्लूज गायक मडी वॉटर्स 1943 साली मिसिसिपीची शेतं सोडून शिकागोला गेला. तिथल्या बारच्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच येईना, तेव्हा त्याने विजेवरची गिटार धरली. 1949 साली ‘बिलबोर्ड’ने कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीला ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव दिलं. राबणाऱ्यांचं गाणं शहराच्या आवाजाला पुरून उरावं म्हणून विजेवर चढलं, ही गोष्ट मला शिकागोइतकीच आपल्या कोळीवाड्यांची वाटते. फरक एवढाच, की तिकडे तबकड्या निघाल्या, नावं छापली गेली, चरित्रं लिहिली गेली. इकडे पिढ्यान् पिढ्या वाजवलेल्या माणसाचं नाव त्याच्या गावाबाहेर जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोळीगीतांचं नाव झालं नाही असं नाही. शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांच्या आवाजात घरोघर पोचलं. पुढे ‘वेसावकर आणि मंडळी’च्या कॅसेटनी कोळीवाड्याचा स्वतःचा आवाज लग्नमंडपांत नेला. बेंजोवाल्यांनी दोन्हीकडचं घेतलं. शब्द गाळून चाल तारांवर घेतली, मग समोर नाचणारेच शब्द म्हणू लागले. हळदीत गाणारे सगळेच असतात. 2016 साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुखच्या हातात हे वाद्य दिलं, तेव्हा कुठे मोठ्या पडद्याने बेंजो वाजवणाऱ्या मुलांकडे पाहिलं.

मोऱ्यात वाजवणाऱ्याचं वर्ष दर्याच्या वर्षाशी बांधलेलं असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, लगीनसराईही ओसरलेली. तो काळ वाद्यं उघडून पुसायचा. पावसाळी हवेत ढोलकीची पुडी सैल पडते, तिला धगीजवळ धरून बोटाने टिचकी मारत मारत सुरात आणावं लागतं. एक वयस्क ढोलकीवाले हे काम करताना बोलत नसत. पुडी कानाशी नेत, पुन्हा धगीवर धरत, आणि मनासारखी टिणकली की शेजारच्या पोराच्या हातात देऊन म्हणत, ‘आता वाजव.’ नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडला की पहिली सुपारी. मग गणपती, नवरात्र आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा हळदी.

भवतालही किती बदलला. ओएनजीसीचा प्रकल्प आला, 1989 साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. त्याआधी जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. वाजवणाऱ्यांची वाटही बदलली. मुंबईच्या कोळीवाड्यातली सुपारी आटोपून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने परतायचं, तर ओहोटीला गाळामुळे लाँच मोऱ्याला लागत नाही. भरतीची वाट पाहत वाद्यांवर डोकं टेकून झोपायचं. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली, आता टेम्पो सेतूवरून येऊ शकतो. आणि आता सगळ्यांवर डीजे आहे. त्याच्या भिंती उभ्या राहिल्या की बेंजोवाल्यांना बाजूला व्हावं लागतं. डीजे वाजवतो तोही बहुतेक वेळा हाच सहा मात्रांचा ठेका, फक्त आधी ध्वनिमुद्रित केलेला. त्याला नवरीच्या मामीचा पाय अडखळला हे दिसत नाही. ढोलकीवाल्याला दिसतं आणि तो लय किंचित सैल सोडतो.

हे बघण्याचं कौशल्य कुठल्याही ध्वनिफितीत येणार नाही, तरी या पथकांचं ध्वनिमुद्रण व्हायला हवं. एखाद्या विद्यापीठाने एका लगीनसराईत उरणच्या हळदी नुसत्या टिपून ठेवल्या, वाजवणाऱ्यांची नावं लिहून घेतली, तरी पुष्कळ.

चैत्रात कार्ल्याला एकवीरा देवीची पालखी असते, तेव्हा कोळीवाड्यांबरोबर पथकंही निघतात. पायऱ्यांवर जनरेटरची गाडी चढत नाही. मोठे स्पीकर पायथ्याशी उतरवतात, बेंजोवाला खाली राहतो, आणि ढोलकी-ताशे गळ्यात अडकवून बाकीचे चढायला लागतात.