दगडात न उरलेले

माणसाला एखादा छंद असावा, याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण तो कोणता असावा, याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांची मते फार ठाम असतात. तिकिटे जमवा, गुलाब लावा, पेटी वाजवा, सारे चालते. निवृत्तीनंतर मी टेरोसॉरची चित्रे काढू लागलो, तेव्हा मात्र शेजारच्या नानांनी आमच्या चिरंजीवांना बाजूला घेऊन माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

टेरोसॉर म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेले उडणारे सरीसृप. ते पक्षी नव्हेत आणि डायनासोरही नव्हेत. त्यांच्या हाताचे चौथे बोट अतोनात लांब वाढलेले असे आणि त्या बोटापासून अंगापर्यंत ताणलेला पातळ पडदा हाच त्यांचा पंख. आपण ज्या बोटात अंगठी घालतो, त्या बोटाच्या आधारावर ही मंडळी आभाळात तरंगत होती!

नुसत्या कल्पनेतला पंखवाला सर्प काढणे सोपे असते. युरोपातल्या जुन्या चित्रांतील ड्रॅगनच पाहा. पाठीवर दोन पंख चिकटवले, तोंडातून ज्वाळा काढल्या की झाले. ते पंख कोणत्या हाडाला जोडले आहेत, असे त्याला कुणी विचारीत नाही. टेरोसॉरच्या चित्राला मात्र दगडापुढे साक्ष द्यावी लागते.

आणि दगड मोठा मितभाषी. बव्हेरियातल्या चुनखडीत सापडलेल्या अशा एका सांगाड्याचे वर्णन कोलिनी या विद्वानाने १७८४ साली प्रथम केले. हा प्राणी समुद्रातला असावा, असे त्याला वाटले. १८०० साली हेर्मान नावाच्या प्राध्यापकाने त्याच सांगाड्यावरून चित्र काढले. त्याने प्राण्याला पंख दिले आणि सस्तन समजून अंगावर केसही दिले. पुढच्याच वर्षी कुव्हिए या फ्रेंच पंडिताने निर्णय दिला, की हा उडणारा खरा, पण सरीसृप! सरीसृप म्हटल्यावर केस कसले? लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ साली हॉकिन्सने टेरोसॉरचे पुतळे उभे केले, तेव्हा त्यांच्या अंगावर खवले आले.

पुढे १९७१ साली शारोव या रशियन शास्त्रज्ञाने कझाकस्तानातल्या एका जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या बारीक पोताच्या खडकात प्राण्याच्या अंगावरची लवसुद्धा उमटली होती. म्हणजे हेर्मानची समजूत चुकली होती, पण त्याची पेन्सिल बरोबर होती! मला या साऱ्या चित्रकारांविषयी फार आपुलकी वाटते. हाडे तेवढी हाती होती; उरलेले त्यांनी धीर करून काढले आणि पुढच्यांना खोडता येईल असे ठेवले.

गेल्या दिवाळीत नातीच्या हट्टापायी मी टेरोसॉरचा आकाशकंदील केला. बांबूच्या कामट्या तासल्या, चौथे बोट नीट लांब ठेवले, वर पतंगाचा कागद खळीने चिकटवायला घेतला. तिने विचारले, “आजोबा, याचा खरा रंग कोणता हो?” मी म्हटले, “ते दगडात उरलेले नाही.” “मग मी ठरवू?” असे म्हणून तिने जांभळा ठरवला. बोट माझे, रंग तिचा, अशी आमची वाटणी झाली.

या छंदाने मला आणखी एक धीर दिला. मी चार वर्षांचा असताना आई गेली. तिचे एकच छायाचित्र घरात आहे. लग्नाच्या वऱ्हाडाच्या त्या फोटोत तिचा चेहरा बोराएवढा आहे. त्यावरून चित्र काढावे, असे कितीदा मनात येई आणि हात थांबे. वाटे, आपण काढू ती आपली आई नसेल, कुणी भलतीच बाई असेल. यंदा उन्हाळ्यात मात्र मी कागद पुढे ओढला. जे दिसत होते ते काढले, जे दिसत नव्हते ते अंदाजाने भरले आणि चित्र घेऊन सांगलीला आत्याकडे गेलो.

आत्या नव्वदीची आहे. तिने चष्मा पुसून चित्र बराच वेळ न्याहाळले. मग म्हणाली, “नाक अगदी वहिनीचं रे. पण ती इतकी गंभीर कुठे होती? हसली की डाव्या गालाला खळी पडायची.”

सत्तर वर्षांत हे मला कुणी सांगितले नव्हते, कारण मी कुणाला विचारलेच नव्हते. चित्र समोर आले, म्हणून आत्याला त्यात काय नाही ते दिसले. मी तिथेच गाल खोडला आणि खळी काढली. आत्याने चित्र पुन्हा हातात घेतले आणि पदराने डोळे टिपले.

टेरोसॉरचा खडक कोट्यवधी वर्षे वाट पाहतो. माणसांच्या आठवणींना तेवढी सवड नसते. आईला पाहिलेली आता दोनच माणसे उरली आहेत. दुसरी माझी मावशी कऱ्हाडला असते. भाऊबीज झाली की मी तिच्याकडे जाणार आहे. चित्राला अजून शाई लावलेली नाही. पिशवीत पेन्सिलीबरोबर खोडरबरही घेतला आहे.