तिच्या बोटातले रक्त

गेल्या गणेशोत्सवात आपली एक माजी विद्यार्थिनी शाळेत आरतीला आली होती. तेव्हा ती एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला होती. मध्य प्रदेश शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेले शरीरक्रियाशास्त्राचे हिंदी पुस्तक तिच्याजवळ होते. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतलेले, त्यामुळे कौतुकाने चाळू लागलो. ती म्हणाली, "सर, पुस्तक राहू द्या, प्रॅक्टिकलची गंमत ऐका."

हिमोग्लोबिन मोजायचे होते, तेही स्वतःचेच. साहलीच्या पद्धतीत नळीत थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घेतात. बोट टोचून पिपेटमध्ये २० घन मिलिमीटर रक्त ओढायचे, मध्ये हवेचा बुडबुडा येता कामा नये. आम्लात मिसळल्यावर ते तपकिरी होते. दहा मिनिटे थांबायचे, मग थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालत शेजारच्या काचेशी रंग जुळवायचा. घाई केली, तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. सगळा भरवसा डोळ्यांवर! यंत्रे आल्यापासून ही पद्धत मागे पडली आहे, पण हाताला वळण लावायला चांगली.

तिचा आकडा आला ९. पुस्तकात स्त्रियांसाठी किमान १२ लिहिलेले. आपलेच काहीतरी चुकले असे समजून तिने जर्नलमध्ये १२.८ लिहून टाकले. नळी मात्र टेबलावर तशीच राहिली. मॅडमनी नळी पाहिली, जर्नल पाहिले आणि मग तिची खालची पापणी ओढून पाहिली. "परत करा," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्यांदाही ९ च आले. हॉस्टेलचा जिना चढताना कित्येक महिन्यांपासून तिला धाप लागत होती. अभ्यासाचा ताण असेल, असे ती समजत होती.

"आकडे बदलायला कुठे शिकलात?" असे मॅडमनी विचारले म्हणे. ती हसत सांगत होती. आम्हांला हसू आले नाही, कारण उत्तर आम्हांला ठाऊक होते.

अकरावीला लंबकाचा प्रयोग असतो. गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास यायला हवे. मुलांचे ९४० आले की ती मागच्या वर्षीच्या जर्नलमधून दोलनांचे सेकंद उतरवतात, आणि आम्ही खाली सही करतो. पोर्शन संपवायचा असतो, स्टँड कमी असतात, ही कारणे खरी आहेत. तरी सह्या आमच्याच होत्या.

या सत्रापासून वाचन पेनानेच आणि टेबलापाशीच लिहायचे, खोडायचे नाही, असे ठरवले आहे. ९४० आले तर ९४० लिहावे आणि चूक कुठे झाली असेल ते खाली दोन ओळींत मांडावे. एका पालकांनी विचारले, "बोर्डाच्या प्रॅक्टिकलला गुण कापले गेले तर?" शाळेच्या परीक्षेत कापणार नाही. बाहेरच्या परीक्षकांची हमी आम्ही देऊ शकत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले. विश्वस्त मंडळाकडे सहा स्टँड आणि सहा स्टॉपवॉच मागितली आहेत.

मुलगी लोहाच्या गोळ्या घेते आहे. दिवाळीत पुन्हा भेटली तेव्हा आकडा ११ वर आला होता. जर्नल सोबत आणले होते. त्यात १२.८ वर रेघ मारलेली होती, आणि शेजारी ९.